सुट्टीतलं शांत घर

वर्षअखेरच्या सुट्ट्या जवळ आल्या की थोरलीला मान वर करायला फुरसत मिळत नसे. ती कवळ्या बनवायची. दात नसलेल्या माणसाचं एरवी सूपवर भागतं, पण मुलं-नातवंडं घरी येणार, टेबलावर भाजलेली कोंबडी येणार म्हटलं की त्याला एकदम दातांची आठवण होते. मग सगळ्यांनाच कवळी आत्ताच्या आत्ता हवी असते. कामाची खोली लांबट होती. एका टोकाला साचेवाला प्लास्टर कालवत बसायचा, दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी थोरली मेणाच्या हिरड्यांवर एकेक दात बसवायची. मधल्या फळीवर रेडिओ चालू असायचा.

त्या दिवशी रेडिओवर तिची धाकटी जाऊ बोलत होती.

धाकटीचं गेल्या वर्षभरात बरंच नाव झालं होतं. आवाज मधाळ, बोलणं ओघवतं. आधी ती सभागृहांतून व्याख्यानं द्यायची, आता दर आठवड्याला रेडिओवर यायची. सुट्ट्यांच्या धांदलीत मन शांत कसं ठेवावं, हा तिचा हातखंडा विषय. "कोणी काही मागितलं की लगेच 'हो' म्हणू नका, आधी एक खोल श्वास घ्या," ती सांगत होती. "घरातल्या प्रत्येकाला एकेक काम वाटून द्या. जीव गुदमरायला लागला तर फोन घरी ठेवा आणि सरळ बाहेर पडा, पाय मोकळे करून या. घर बुडत नाही हो तुमच्यावाचून!"

साचेवाला मान डोलावत होता. थोरलीची जाऊ रेडिओवर बोलते याचं त्याला भारी कौतुक.

"आणि हे नाही केलं तर काय होतं, सांगते," धाकटीचा आवाज हसरा झाला. "माझ्या ओळखीची एक बाई आहे. घर पाहुण्यांनी भरलेलं, पाहुणे साखर मागतायत, आणि बाई गायब! मी शोधत शोधत गेले तर ही सामानाच्या खोलीत, तांदळाच्या डब्यावर बसलेली. हातात काय असेल? कवळी! कोणाची तरी जुनी कवळी छातीशी धरून बाईसाहेब हमसून हमसून रडतायत. आता बोला! कामाचा ताण माणसाला कुठे नेऊन ठेवतो बघा."

स्टुडिओत बसलेली माणसं खो खो हसली. साचेवाल्याला तर हसता हसता ठसका लागला. "कवळी!" तो डोळे पुसत म्हणाला. "ताई, ऐकलंत का? आपल्या धंद्यातलीच निघाली की बाई!"

थोरलीच्या हातातली मेणाची सुरी जिथल्या तिथे राहिली.

ती बाई म्हणजे थोरलीच होती. गेल्या वर्षी सुट्ट्यांच्या थोडं आधी तिचे वडील गेले. त्यांची कवळी तिने स्वतःच्या हाताने केली होती. पुढचा एक दात किंचित वाकडा बसवला होता, कारण त्यांचा खरा दात तसाच होता आणि ते हसले की तोच आधी दिसायचा. दवाखान्याने बाकीच्या सामानाबरोबर ती कवळी कागदात गुंडाळून परत दिली. ती कुठे ठेवायची हे थोरलीला कळेना, म्हणून तिने ती तांदळाच्या डब्यामागे ठेवली. महिनाही झाला नव्हता, तरी दरवर्षीप्रमाणे सासरची सगळी मंडळी तिच्याच घरी जेवायला आली. "तुझंही मन रमेल," नवरा म्हणाला होता. साखर आणायला म्हणून ती आत गेली आणि हात आपोआप डब्यामागे गेला.

तेव्हा धाकटीने तिच्या पाठीवरून हात फिरवला होता. "रडा वहिनी, मोकळ्या व्हा. मी कोणाला सांगणार नाही," असं म्हणाली होती.

थोरलीने सुरी खाली ठेवली. रेडिओ बंद केला नाही, साचेवाल्यालाही काही बोलली नाही. पुन्हा कामाला लागली, पण त्या दिवशी तिने बसवलेले दात एकमेकांवर नीट टेकेनात. ते सगळे उपटून तिला पुन्हा पहिल्यापासून बसवावे लागले.

घरी आली तर नवरा सोफ्यावर पाय ताणून बसला होता. "ऐकलंस का आज धाकटीला?" तो हसतच म्हणाला. "ती कवळीवाली बाई! कुठून कुठून गोष्टी शोधून काढते कोण जाणे."

"तुम्हाला कळलं नाही ती कोण ते?"

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. हसू हळूहळू उतरलं. मग तो रिमोट उचलून उगाच त्याची बटणं बघायला लागला. "अगं पण... तिने नाव कुठे घेतलं तुझं?"

"नाही घेतलं."

"मग! घरातल्या घरात कशाला वाढवायचं? सुट्ट्या तोंडावर आल्यात."

थोरली स्वयंपाकघरात गेली. फोन करून धाकटीला फाडून खावं असं तिला वाटत होतं. पण मग काय होईल हेही तिला दिसत होतं. पुढच्या आठवड्यात रेडिओवर आणखी एक गोष्ट येईल, 'माझ्या ओळखीच्या एका बाईने' सुट्टीत कसा थयथयाट केला त्याची. लोक पुन्हा हसतील. नाही, ओरडून उपयोग नव्हता. इतकी वर्षं बारीक काम करून तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, हात थरथरला की काम बिघडतं. तिने राग थंड होऊ दिला. विझू मात्र दिला नाही.

संधी धाकटीनेच आणून दिली. दोन-तीन दिवसांत तिचा फोन आला.

"वहिनी, एक गंमत आहे! रेडिओवाल्यांना सुट्टीच्या दिवशी एखाद्या घरातून थेट कार्यक्रम करायचाय. 'सुट्टीतलं शांत घर' असं नावही ठरलं. आमच्या फ्लॅटमध्ये कुठे मावणार एवढी माणसं? आणि तसेही सगळे तुमच्याकडेच येतात. मी बोलण्याचं बघते, तुम्ही फक्त स्वयंपाकाचं बघा. चालेल ना?"

थोरलीने एक खोल श्वास घेतला.

"ये की," ती म्हणाली. "पण मला एक सांग, त्या दिवशी सगळं तू रेडिओवर सांगतेस तसंच करायचं ना?"

"अगदी तस्संच! तेच तर लोकांना ऐकवायचंय."

"मग काळजी सोड. मी तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही."

फोन ठेवल्यावर कितीतरी महिन्यांनी तिला कडकडून भूक लागली.

तयारी तिने मन लावून केली. बाजारातून सगळं आणलं. मातीने माखलेले बटाटे, अख्ख्या कोंबड्या, गाजरं, कांदे, निवडायचे तांदूळ. त्यातलं काहीही सोललं नाही, चिरलं नाही, भिजवलं नाही. उलट घरात जे जे तयार होतं ते बाहेर काढलं. ब्रेड, बिस्किटं, फरसाण, फ्रिजमधला केक, सगळं पिशव्यांत भरून शेजारणीकडे नेऊन दिलं. "एवढं सगळं?" शेजारीण म्हणाली. "पाहुणे येणार ना तुमच्याकडे?"

"म्हणूनच," थोरली म्हणाली.

सासूबाई तिच्याकडेच राहायच्या. सुट्टीच्या दिवशी सकाळी थोरलीने त्यांच्यापुरता मऊ भात आणि अंडी केली आणि समोर बसून त्यांना पोटभर खाऊ घातलं. सूड घ्यायचा तर नेम चुकता कामा नये, असं तिचं मत होतं.

"आज स्वयंपाकघरातून काही वास येत नाही गं," सासूबाई म्हणाल्या.

"आज शांततेत करायचंय, आई."

दुपारी मंडळी जमली. नणंद, तिचा नवरा आणि त्यांची तीन मुलं आली. सासूबाईंचे भाऊ, ज्यांना घरात सगळेच मामा म्हणत, तेही आले. त्यांना कमी ऐकू यायचं आणि त्यामुळे ते स्वतः फार मोठ्याने बोलायचे. मग दीर आणि धाकटी आले. धाकटी दुधी रंगाच्या कपड्यांत, केस मोकळे, चेहऱ्यावर तजेला. मागोमाग रेडिओचा निवेदक आणि वायरी सांभाळणारा तंत्रज्ञ. जेवणाच्या टेबलावर मध्येच माइक उभा केला, धाकटीने त्याच्या शेजारी मेणबत्ती लावली. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. आत डोकावायची कोणाला गरज वाटली नाही. गेल्या कित्येक वर्षांत कधी वाटली नव्हती.

कार्यक्रम सुरू झाला. धाकटीने सगळ्यांना डोळे मिटून श्वास घ्यायला लावला. मामांनी तो फारच जोरात घेतला. निवेदक हळू आवाजात म्हणाला, "श्रोतेहो, काय सांगू, घर भरलेलं आहे आणि तरी एक निवांतपणा आहे इथे."

थोरली टेबलापाशी आली आणि माइककडे वाकली.

"मी या घरची थोरली सून," ती म्हणाली. "दरवर्षी सुट्टीचा स्वयंपाक मी करते. यंदा मात्र मी माझ्या जाऊबाईंचं ऐकायचं ठरवलंय. त्या म्हणतात, कामं वाटून द्या. तर अहो, बटाटे तुम्ही सोला. भाऊजी, कोंबड्या तुम्ही साफ करा. कांदे नणंदबाईंकडे. आणि सगळ्यावर देखरेख जाऊबाईंची, कारण त्यांच्याइतकं शांत कोणीच नाही. जीव गुदमरला की फोन घरी ठेवून बाहेर पडावं, हेही त्याच म्हणतात. माझा फार गुदमरलाय. तर मी जरा पाय मोकळे करून येते."

"वा! काय सुंदर उदाहरण!" निवेदक खरोखर खूश झाला.

धाकटी हसत होती, पण डोळे हसत नव्हते. "वहिनी... आत्ता?" ती पुटपुटली.

"घर बुडत नाही माझ्यावाचून," थोरली गोड आवाजात म्हणाली, फोन टेबलावर ठेवला, चपला घातल्या आणि निघाली. जिन्यात तिला मागून नवऱ्याचा आवाज आला, "अरे, इथे काहीच शिजलेलं नाहीये!"

रस्त्यावर शुकशुकाट होता. दुकानांची शटर खाली. कोपऱ्यावरची लॉन्ड्री तेवढी उघडी होती, कारण ऐन वेळी लोकांना इस्त्रीचे शर्ट हवे असतात. लॉन्ड्रीवाली जाडजूड बाई वाफेच्या ढगात उभी राहून कॉलर दाबत होती आणि तिचा रेडिओ चालू होता. थोरलीने विचारलं, "जरा बसू का इथे?"

"बसा की. आत्ता तसंही गिऱ्हाईक नाही. हे ऐका, मजा चाललीय कुणाच्या तरी घरी."

थोरली बाकावर बसली. पाय लांब केले.

रेडिओवर आधी भांड्यांचा आवाज आला. मग मामांचा. "जेवायला कधी वाढणार?" धाकटी म्हणाली, "मामा, भूक ही एक लाट असते, तिच्याकडे नुसतं बघायचं." मामा म्हणाले, "काय? भात?" लॉन्ड्रीवाली फिदीफिदी हसली. मग मुलं बिस्किटं मागायला लागली. नणंद म्हणाली, घरात एकही बिस्किट नाही. दिराला कोंबडी कुठून धरायची तेच कळेना. काहीतरी धाडकन पडलं. कोणीतरी खोकायला लागलं, "धूर, धूर! खिडकी उघडा!" निवेदक म्हणाला, "श्रोतेहो, इथे थोडी... थोडी लगबग आहे." धाकटीचा आवाज आता मधाळ राहिला नव्हता. तो पातळ होत होत तारेसारखा झाला होता.

थोरली एकेक आवाज चवीने ऐकत होती. तिला वाटलं, आता तुटेल. आणि तुटलं.

"मला काय विचारता सगळे?" धाकटी किंचाळली. "तुमच्या घरच्यांना रांधून घालायला आलेय का मी इथे? मी कार्यक्रम करायला आलेय!"

मग सासूबाईंचा आवाज, घाबरलेला. "अगं, रागावू नको. थोरली येईल आत्ता, ती करेल सगळं."

"आई, तुम्ही गप्प बसा हो जरा! थोरली, थोरली! काय मोठं करते थोरली? ऐन वेळी कवळी हातात घेऊन रडत बसते, ते सांगू का सगळ्यांना?"

"कवळी?" सासूबाई म्हणाल्या. "कोणाची कवळी?"

"कोणाची काय, तिच्या मेलेल्या वडिलांची!"

त्यानंतर रेडिओवर काहीच ऐकू येईना. मामासुद्धा गप्प होते. मग घाईघाईने कुठलंसं वाद्यसंगीत सुरू झालं.

लॉन्ड्रीवालीने इस्त्री उभी करून ठेवली. "अगं बाई," ती म्हणाली. "म्हणजे त्या दिवशी सांगितलेली ती गोष्ट... ती हिच्याच घरातली होती? आणि वडील वारले होते त्या बाईचे?" "मी हसले होते हो त्याला."

"सगळेच हसले होते," थोरली म्हणाली.

तिला वाटलं होतं त्याहून हे जास्त झालं होतं. तिला फक्त धाकटीचा शांतपणाचा मुखवटा लोकांसमोर उतरवायचा होता. पण आता जे जे हसले होते, त्या सगळ्यांच्या घशात ते हसू काटा होऊन अडकलं होतं, आणि ते धाकटीने स्वतःच्या तोंडाने केलं होतं. थोरलीच्या अंगातून ऊब पसरत गेली. एकच गोष्ट खटकत होती. सासूबाईंवर कोणी ओरडेल हे तिने धरलं नव्हतं. नेम चुकला होता, थोडासा. लॉन्ड्रीवालीने चहा केला. थोरलीने तो सावकाश संपवला आणि आणखी अर्धा कप मागून घेतला.

ती परतली तेव्हा रेडिओवाले निघून गेले होते. इमारतीखाली दिराच्या गाडीत धाकटी एकटीच बसली होती. दुधी कपड्यांवर काळे डाग, केसांना धुराचा वास. थोरलीला बघून तिने काच खाली केली.

"तुम्ही मुद्दाम केलंत," ती म्हणाली.

"हो."

धाकटीला बहुधा नकाराची अपेक्षा होती. "सगळ्यांसमोर, वहिनी? लोक काय म्हणतील मला आता?"

"मला काय म्हणाले असतील, ते विचारलंस का कधी?"

"मी नाव नव्हतं घेतलं."

"माझे वडील होते ते," थोरली म्हणाली. "तू पाठीवर हात ठेवला होतास माझ्या. रेडिओवर ऐकलं तेव्हा आधी तो हात आठवला मला."

धाकटीने नाक पुसलं. "या घरात तुम्हीच सगळं करता," ती म्हणाली. "थोरलीचं जेवण, थोरलीचं घर. मी आले काय, न आले काय. तिथे मी बोलले की लोक ऐकतात. ती गोष्ट सांगितली आणि सगळे इतके हसले, की... मला थांबवेना. चुकलं माझं. माफ करा."

तिच्या बोलण्यात खोट नव्हती, हे थोरलीला कळलं. पण खरेपणा ऐकूनही आत काही हललं नाही.

"आज नाही," ती म्हणाली. "आज मला तुला माफ करायचं नाहीये."

आणि ती जिना चढून वर गेली.

वर सासूबाई खुर्चीत अंग चोरून बसल्या होत्या. थोरली त्यांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "आई, मी तुम्हाला त्या गर्दीत एकटं सोडून गेले. तुमच्यावर ओरडली ती. ते माझ्यामुळे झालं." सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मला कोणी सांगितलंच नाही गं वडिलांच्या कवळीचं," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी मीच साखर मागत होते ना?"

नवरा स्वयंपाकघरात उभा होता. त्याने जवळजवळ सगळे बटाटे सोलले होते, निम्मा बटाटा सालाबरोबर गेला होता आणि एका बोटाला पट्टी होती. "मी हसलो होतो," तो बटाट्याकडे बघत म्हणाला. "ते मला नंतर... मी बोलायला हवं होतं तेव्हाच." थोरली दुसरी सुरी घेऊन त्याच्या शेजारी उभी राहिली नाही. तिने खुर्ची ओढली आणि बसून तो काय काय करतो ते पाहिलं. संध्याकाळी सगळ्यांनी ब्रेड आणि उकडलेले बटाटे खाल्ले. ब्रेड शेजारणीने आणून दिला. कोणी कुरकुर केली नाही.

सुट्ट्या संपल्यावर थोरली कामावर गेली तर साचेवाला तिच्याकडे बघायला तयार नव्हता. दिवसभर तो प्लास्टर कालवत राहिला. निघताना म्हणाला, "ताई, मला ठाऊक असतं तर..." थोरली म्हणाली, "ठाऊक नव्हतं तुला." त्याच्यावर तिचा राग नव्हताच.

धाकटीचा कार्यक्रम बंद पडला. काही महिन्यांनी तिला दुसऱ्या वेळेला, दुसऱ्या विषयावर बोलायला बोलावलं, पण तो आवाज पुन्हा तितका मधाळ झाला नाही आणि माहितीतल्या माणसांच्या गोष्टी तिने सांगितल्या नाहीत. दोघी समोर आल्या की कामापुरतं बोलत. मध्ये एकदा धाकटीने पुन्हा माफी मागितली, फोनवर. थोरली म्हणाली, "ऐकलं मी." तेवढंच.

पुढच्या वर्षी सुट्टीत कोणाकडे जमायचं यावर कोणी वाद घातला नाही. नणंदेने आपलं घर पुढे केलं आणि प्रत्येकाने काहीतरी घेऊन यायचं किंवा तिथे येऊन करायचं ठरलं. थोरली उशिरा पोचली. तिने मुद्दामच उशीर केला होता. स्वयंपाकघरात धाकटी एकटी उभी होती, बाह्या वर सारलेल्या, समोर कांद्यांचा ढीग.

"वहिनी," ती न वळताच म्हणाली, "बारीक चिरू की उभा?"

"तुला हवा तसा," थोरली म्हणाली आणि बाहेरच्या खोलीत सासूबाईंच्या शेजारी जाऊन आरामात टेकून बसली.